विदर्भातील थीम पार्कमध्ये स्थानिक रहिवाशांना सवलतीचे तिकीट मिळावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीची मुले दरवर्षी आमच्याकडे येतात, तशी ती यंदाही आली होती. आल्या दिवसापासून त्यांनी आणि आमच्या घरच्या मुलांनी मिळून नागपूरजवळच्या एका मोठ्या मनोरंजन पार्कमध्ये जायचेच, असा हट्ट धरला होता. समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावापासून ते ठिकाण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. मी शेती करतो आणि गावच्या सेवा सहकारी सोसायटीत हिशेब लिहिण्याचे काम पाहतो, त्यामुळे पावत्या जपून ठेवण्याची मला सवय आहे. त्या एका दिवसाच्या पावत्या समोर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे.

आम्ही नऊ जण गेलो होतो. मी व पत्नी, धाकटा भाऊ व त्याची पत्नी, आमची बहात्तर वर्षांची आई आणि चार मुले. खिडकीवर प्रौढांचा दर ९०० रुपये आणि मुलांचा ७०० रुपये होता. चारही मुले बारा वर्षांच्या आतली असल्याने त्यांना मुलांचे तिकीट लागेल असे आम्ही गृहीत धरले होते. परंतु तेथे वय विचारात घेतले जात नाही, भिंतीवर आखलेल्या रेषेशी उभे करून उंची पाहिली जाते. एसटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धे तिकीट असते, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या माणसाला तेथे पहिला धक्का बसतो. आमची एक भाची आणि पुतण्या त्या रेषेच्या वर भरले आणि प्रौढ ठरले. सात प्रौढ व दोन मुले मिळून ७,७०० रुपये झाले, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,३८६ रुपये, म्हणजे नुसत्या तिकिटांचेच ९,०८६ रुपये. गावातून ठरवून नेलेल्या गाडीचे ३,५०० रुपये, पाण्यात उतरण्याचे कपडे आणि लॉकर यांचे ९०० रुपये, आत घेतलेल्या जेवणाचे व पाण्याच्या बाटल्यांचे २,२०० रुपये. एकूण १५,६८६ रुपये.

ही रक्कम शहरातील दोन पगार असलेल्या कुटुंबाला कदाचित फार वाटणार नाही. आमच्याकडे तिचे मोजमाप वेगळ्या मापाने होते. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे हा एक दिवस पन्नास दिवसांच्या मजुरीइतका झाला. सोयाबीनचा त्याच हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने हे जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन होते, आणि हमीभावाने सगळा माल विकला जातोच असे विदर्भातील कोणताही शेतकरी म्हणणार नाही. आम्ही दोघा भावांनी हा खर्च केला, कारण मुलांना शब्द दिला होता आणि सोसायटीच्या पगाराचा आधार होता. पण घरी आल्यावर शेजारच्या मुलांनी आमच्या मुलांभोवती कोंडाळे करून पाण्याच्या घसरगुंड्यांची वर्णने ऐकली आणि त्यांपैकी एकाने आपल्या वडिलांना ‘आपण कधी जायचे?’ असे माझ्यासमोर विचारले, तेव्हा त्या वडिलांच्या चेहऱ्याकडे मला पाहवले नाही. ते आमच्याच शेतावर मजुरीने येतात. त्यांच्या घरात पाच माणसे आहेत.

म्हणून माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी आधीच स्पष्ट लिहितो. विदर्भात जी मनोरंजन उद्याने, वॉटर पार्क व थीम पार्क चालतात आणि जी यापुढे उभी राहतील, त्यांनी विदर्भातील रहिवाशांसाठी, निदान सोमवार ते शुक्रवार या दिवसांत, स्वतंत्र आणि खरोखर कमी दराचे तिकीट ठेवावे. ते आधार कार्डावरचा पत्ता पाहून खिडकीवर रोख पैशांत मिळावे. आणि ज्या प्रकल्पांना सरकार करात किंवा शुल्कात सूट देते, त्यांच्यावर ही अट लेखी घालावी.

स्थानिक रहिवाशाला वेगळा दर ही कल्पना नवी नाही, आणि ती भीक मागण्याचीही गोष्ट नाही. ज्या अमेरिकेतून थीम पार्क हा प्रकार जगभर गेला, तेथेच ही पद्धत रुळलेली आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. त्या वेळी मोठ्या माणसाला प्रवेशासाठी एक डॉलर आणि मुलाला अर्धा डॉलर पडत असे, व आतील प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे द्यावे लागत. आज गर्दीच्या दिवशी तेथील एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या वर गेले आहे. दिवसागणिक दर बदलण्याची पद्धतही तेथे आहे, म्हणजे सुट्टीत जास्त आणि मधल्या वारी कमी. एवढे दर चढलेले असतानाही वर्षाच्या मंदीच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियातील रहिवाशांसाठी तेथे अनेक दिवसांचे सवलतीचे तिकीट काढले जाते. कोण रहिवासी हे तेथे पिनकोडवरून ठरते. ९०००० ते ९३५९९ या पिनकोडांत राहणाऱ्यांना ती सवलत मिळते, आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या शेजारच्या राज्यातील लोकांनाही ती देऊ केली जाते. दुसऱ्या देशातील शेजाऱ्याला जर एखादे उद्यान ‘आपला’ म्हणू शकते, तर बुटीबोरीच्या पुढे राहणाऱ्या माणसाला नागपूरजवळच्या उद्यानाने परका का मानावे?

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. त्या उद्यानासाठी तेथील विधिमंडळाने १९६७ मध्ये कायदा करून स्वतंत्र विशेष जिल्हाच निर्माण केला होता, ज्यात रस्ते, पाणी, बांधकाम परवानग्या यांचे अधिकार जवळपास कंपनीच्या हाती राहिले. राज्याने एवढे दिले, आणि त्या राज्यातील रहिवाशांना उद्यानाकडून वेगळ्या दराची तिकिटे व वार्षिक पास मिळत आले. सिंगापूरमध्ये प्राणिसंग्रहालयाचे तिकीट काढताना तेथील रहिवाशांना कमी दर लागतो. ही सगळी श्रीमंत राष्ट्रे आहेत. तेथील सामान्य माणसाच्या खिशाची आणि आपल्या खिशाची तुलना होऊ शकत नाही. तरीही जवळ राहणारा माणूस आणि विमानाने येणारा पाहुणा यांना एकाच दराने तोलू नये, एवढे त्यांना कळते.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. परदेशातील ही सवलत दानधर्म म्हणून दिलेली नाही, ती व्यवसायाची गरज आहे. थीम पार्कचा बराचसा खर्च ठरलेला असतो. पाळण्यांची देखभाल, पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा, सुरक्षारक्षक, जीवरक्षक, वीज, कर्जाचे व्याज, हे सगळे शंभर माणसे आली तरी लागते आणि तीन हजार आली तरी लागते. मंगळवारी रिकामी राहिलेली घसरगुंडी रविवारी दुप्पट पैसे मिळवून देत नाही. म्हणून मधल्या वारी जवळचा माणूस कमी पैशात आला तरी उद्यानाचा फायदाच होतो, शिवाय तो आत काही ना काही खातो आणि आवडले तर पुन्हा येतो. ज्या माणसाला येण्यासाठी विमानाचे किंवा हॉटेलचे पैसे लागत नाहीत, तोच वर्षातून दोनदा येऊ शकतो. आमच्याकडील उद्यानचालकांनी हे गणित मांडून पाहावे, एवढीच विनंती आहे.

आणि हे गणित विदर्भात विशेष जुळते, कारण शेतकऱ्याची फुरसत रविवार पाहून येत नाही. पेरणी आटोपून डवरणी-निंदणीच्या दोन पाळ्यांमध्ये मिळणारे काही दिवस, पोळ्याच्या आसपासचे दिवस, सोयाबीन निघाल्यानंतर आणि कापसाची वेचणी भरात येण्याआधीचा काळ, तूर-हरभरा घरात आल्यापासून मृगापर्यंतचे आठवडे, हे आमचे मोकळे दिवस. त्यांत सोमवार असो की गुरुवार, आम्हाला सारखाच. शहरातील नोकरदार माणूस शनिवार-रविवारीच येऊ शकतो. म्हणजे उद्यानाला जे वार रिकामे जातात, नेमक्या त्याच वारी येऊ शकणारा लाखोंचा वर्ग भोवतीच्या गावांत बसलेला आहे, आणि त्याला आत घेणारा दर मात्र कोणी लावत नाही.

सवलती आजही जाहीर होतात, हे मी नाकारत नाही. पण त्या कोणाला मिळतात, हे पाहिले पाहिजे. ठरावीक बँकेच्या कार्डाने पैसे भरल्यास सूट, आठ दिवस आधी मोबाइलवरून तिकीट काढल्यास सूट, पंचवीस किंवा तीस जणांचा गट असल्यास सूट, अशा त्या असतात. ज्याच्या घरात पाऊस-पाणी, मजुराची उपलब्धता आणि जनावराचे आजारपण पाहून आदल्या संध्याकाळी ‘उद्या जाऊ’ असे ठरते, त्याला आठ दिवस आधीचे तिकीट कसे जमणार? आम्ही खिडकीवर पोचलो तेव्हा आमच्या पुढे उभ्या असलेल्या नागपूरच्या एका कुटुंबाने तेच तिकीट मोबाइलवरून आमच्यापेक्षा दीडशे रुपयांनी स्वस्त काढले होते. त्यांचा काही दोष नाही. परंतु दुरून, जास्त भाडे खर्चून, रोख पैसे घेऊन येणाऱ्याने सर्वांत महाग तिकीट घ्यावे, ही व्यवस्था उलटी आहे.

आता आईविषयी लिहितो. आमच्या आईचे गुडघे दुखतात. ती दिवसभर एका छत्रीखाली बसून होती, मुलांचे ओले कपडे सांभाळत होती, आणि मुले हसत येत तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे त्याची किंमत मी करू शकत नाही. पण तिने एकाही पाळण्यात पाय ठेवला नाही, आणि तिचे तिकीट करासह १,०६२ रुपये होते. आल्यावर तिला हा आकडा कळला तेव्हा ती दोन दिवस ‘मला कशाला नेले’ असे म्हणत राहिली. आपल्या गावच्या जत्रेत असे कधी होत नाही. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्याला आम्ही लहानपणापासून जातो. तेथील मोठमोठे नंदी पाहायला, गर्दीत फिरायला कोणाला पैसे लागत नाहीत, आणि आकाशपाळण्यात जो बसेल तोच पैसे देतो. आजी खाली उभी राहून नातवाला हात करते, तिचे तिकीट कोणी फाडत नाही. डिस्नेलँडही आरंभी असेच चालत होते, प्रवेश वेगळा आणि खेळ वेगळे. १९८२ मध्ये तेथे खेळांची सुटी तिकिटे बंद होऊन सर्व खेळांचे एकच तिकीट आले. हल्ली आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी तेच दिसते. दिवसभर पाळण्यांवर फिरणाऱ्या तरुणाला ते सोयीचे आहे, पण आपल्याकडे कुटुंब म्हणजे तीन पिढ्या असतात. साठ वर्षांवरील, खेळात भाग न घेणाऱ्या माणसासाठी ‘फक्त सोबत’ म्हणून शंभर-दीडशे रुपयांचे तिकीट ठेवले, आणि हवे तर त्याच्या मनगटावर वेगळ्या रंगाचा पट्टा बांधला, तर उद्यानाचे काय कमी होणार आहे? आज त्या पैशांपायी कितीतरी घरांतून आजी-आजोबांना घरीच ठेवून लोक जातात, हे मी आजूबाजूला पाहतो.

फाटकावर पिशव्या तपासून पोळ्या, ठेचा, चिवडा बाजूला काढून ठेवला जातो, हाही अनुभव सर्वांनाच आहे. स्वच्छतेचे कारण मी समजू शकतो, आणि चित्रपटगृहांच्या बाबतीत बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा मालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी मान्य केला आहे. पण त्याच वेळी न्यायालयाने प्रेक्षकांना पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे, हेही बजावले होते. मे महिन्याच्या विदर्भी उन्हात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, पिण्याच्या पाण्याचा नळ कोठे आहे हे विचारत आम्हाला अर्धे उद्यान फिरावे लागले आणि शेवटी बाटल्या विकत घ्याव्या लागल्या. तिकिटाच्या दराइतकाच हा प्रश्नही गंभीर आहे, पण त्यावर अधिक लिहून मूळ मुद्द्यापासून दूर जाणार नाही.

कराचा मुद्दा मात्र मूळ मुद्द्याचाच भाग आहे. जीएसटी आला तेव्हा १ जुलै २०१७ पासून मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला, याबद्दल त्या वेळी सर्वांनी समाधान व्यक्त केले. परंतु याच कायद्याखालील सूट पाहिली तर चित्र वेगळे दिसते. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, प्राणिसंग्रहालय व वस्तुसंग्रहालय यांच्या प्रवेशावर जीएसटी नाही. सर्कस, नाटक, नृत्याचा कार्यक्रम, तारांगण यांचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावरही कर नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमाच्या तिकिटावर महागड्या तिकिटापेक्षा कमी कर आहे. म्हणजे ‘स्वस्त तिकीट काढणारा माणूस गरीब असतो, त्याच्यावर कराचा बोजा कमी असावा’ हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. मग वॉटर पार्कने उद्या ४०० रुपयांचे तिकीट काढले तरी त्यावर ७२ रुपये कर का लागावा? सर्कशीतला झुला पाहणारे मूल आणि उद्यानातल्या झुल्यात बसणारे मूल यांत सरकारने भेद का करावा? पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ती सूट मनोरंजन उद्यानांसाठीही लागू करावी, असा आग्रह राज्य सरकारने जीएसटी परिषदेत धरला पाहिजे. त्याचा आणखी एक लाभ असा होईल की पाचशेच्या आत दर ठेवण्याचे कारण उद्यानचालकांना मिळेल. आमच्या त्या दिवसाच्या कराचे १,३८६ रुपये हे एका मजुराच्या चार दिवसांच्या कमाईहून अधिक आहेत.

सरकारने उद्योगाला काही दिलेच नाही असेही नाही. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात पर्यटन प्रकल्पांना करांतून व शुल्कांतून सवलती देऊ केलेल्या आहेत. विदर्भात पर्यटनाची कामे वाढावीत, आमच्या मुलांना त्यांत नोकऱ्या मिळाव्यात, असे मलाही मनापासून वाटते आणि अशा सवलतींना माझा विरोध नाही. फक्त, जो पैसा तिजोरीत यायचा तो सोडून दिला जातो, तेव्हा तो सोडणारे शेवटी आपणच असतो. त्या बदल्यात वर्षातील अमुक दिवस, अमुक दराने, स्थानिक रहिवाशांना प्रवेश, अशी एक ओळ करारात असायला काय हरकत आहे? राष्ट्रीय महामार्गावरील टोलनाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला त्याच्या खासगी वाहनासाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. रस्ता सर्वांचा असला तरी त्याच्या काठी राहणाऱ्याला रोज त्याच्यावरून जावे लागते, म्हणून त्याला वेगळा दर, हे आम्ही बोरखेडीच्या नाक्यावर पाहतोच. उद्यानाच्या काठी राहणाऱ्यांनाही त्या उद्यानाची गर्दी, वाहतूक आणि उन्हाळ्यात होणारा पाण्याचा उपसा सोसावा लागतो.

काही जण म्हणतील की रहिवाशाला कमी आणि बाहेरच्याला जास्त हा भेदभाव झाला. मी कायद्याचा जाणकार नाही, पण हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्य भारत राज्यातील रहिवाशांना माफ असलेले शुल्क बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतले जाई. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा १९५५ मध्ये न्यायालयाने जन्मस्थान आणि निवास या वेगळ्या गोष्टी आहेत असे सांगून तो भेद वैध ठरवला. आज अजिंठा-वेरूळला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये तिकीट आहे, आणि पंधरा वर्षांखालील मुलाला तिकीटच नाही. तेव्हा ज्याची ऐपत आणि जवळीक वेगळी, त्याला वेगळा दर, हे आपण सरकारी पातळीवर आधीच स्वीकारले आहे.

दुसरा आक्षेप असा येईल की उद्यान ही खासगी मालमत्ता आहे आणि दर ठरवणे हा मालकाचा हक्क आहे. तो हक्क मला मान्य आहे. मी कोणावर सक्ती करा असे म्हणत नाही. जेथे सरकारी सवलत आहे तेथे अट असावी आणि जेथे नाही तेथे मालकांनी स्वतःहून विचार करावा, असे म्हणतो. मात्र एक धोका आजच लिहून ठेवतो. आधी मूळ दर वाढवायचा आणि मग त्यावर ‘स्थानिकांना तीस टक्के सूट’ असा फलक लावायचा, असे झाले तर या मागणीला काही अर्थ राहणार नाही. म्हणून सवलत टक्क्यांत न सांगता रुपयांत सांगावी, आणि फाटकावरच्या फलकावर करासह पूर्ण रक्कम मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावी. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा फलकावर ९०० वाचले आणि खिडकीवर १,०६२ द्यावे लागले. त्या फरकाने नऊ जणांच्या दुपारच्या जेवणाचा हिशेब बिघडतो, आणि तेथून परत फिरणे मुलांसमोर शक्य नसते.

विदर्भात स्वस्तात आनंद देणारी ठिकाणे झालीच नाहीत असे नाही, म्हणूनच ही अपेक्षा अवाजवी वाटत नाही. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानने उभारलेले आनंद सागर आठवावे. तळे, बागा, मुलांची छोटी आगगाडी, ध्यानमंदिर, आणि तिकीट इतके माफक की दर्शनाला आलेली बैलगाडीतली माणसेही मुलांना घेऊन तेथे दिवस घालवीत. मधल्या काळात ते बंद राहिले आणि पुढे त्याचा काही भागच पुन्हा उघडला, याची हळहळ वऱ्हाडातील प्रत्येक घरात ऐकू येते. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून गावोगावच्या शाळकरी मुलांना विज्ञानाचे खेळ दाखवत आले आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाने जंगलाभोवतीच्या बफर क्षेत्रातील गावांच्या शाळकरी मुलांसाठी ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम चालवला, कारण ज्या गावांची गुरे वाघ नेतो त्या गावांतील मुलांनी तो वाघ जिप्सीतून कधी पाहिलाच नव्हता. हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. आमच्याही तालुक्यापासून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगल फार दूर नाही, वाघाच्या भीतीने संध्याकाळी शेतातून लवकर परतणारी माणसे आमच्याकडेही आहेत, आणि फाटकावर गाडी लावून सफारी करणे त्यांच्या आवाक्यात नाही. जंगलाच्या बाबतीत वनविभागाला जे सुचले, ते मनोरंजनाच्या बाबतीत नागपूरच्या आसपासच्या उद्यानांना सुचावे.

‘वॉटर पार्कला गेले नाही तर मुलांचे काय अडते?’ असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारले. त्यांचा आदर राखून सांगतो की अडत काहीच नाही. पण आमच्या गावातील मुले पोहायला शिकतात ती विहिरीत आणि नाल्यात, आणि दर पावसाळ्यात कोठे ना कोठे मूल बुडाल्याची बातमी आपल्याच वृत्तपत्रात वाचावी लागते. जीवरक्षक उभा असलेल्या, कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात एक दिवस मनसोक्त खेळणे ही केवळ शहरातल्या मुलाची गरज कशी असेल? आमची भाची त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर तरंगली. ती ओरडून सगळ्यांना दाखवत होती. मजुराच्या मुलीलाही तसे ओरडता यावे, यासाठी मी हे पत्र लिहिले आहे.

आपल्या वृत्तपत्राच्या सुट्टीच्या पुरवण्यांत या उद्यानांच्या पानभर जाहिराती येतात, म्हणजे त्यांचे चालक आपले वाचक आहेत. नागपूर, वर्धा, अमरावती व चंद्रपूर या जिल्ह्यांतील मनोरंजन उद्यानांचे करासह दर, मोबाइलवरचा दर आणि खिडकीवरचा दर, आणि ग्रामीण रहिवाशांना काही सवलत आहे की नाही, याची माहिती आपल्या प्रतिनिधींकडून मागवून एका ठिकाणी प्रसिद्ध केली, तर वाचकांना तुलना करता येईल आणि चालकांनाही उत्तर द्यावे लागेल. जे उद्यान रहिवासी तिकीट सुरू करेल, त्याची माहिती आमच्या सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मी स्वतः लिहीन. आमच्याकडे पोळ्यानंतर आठ-दहा दिवस हाताला काम कमी असते, आणि गावातील तीन-चार घरांनी मिळून एक गाडी ठरवण्याचे बोलणे झाले आहे. त्याआधी एखाद्या उद्यानाने मधल्या वाराचा दर कळवला तर माणसे मोजून सांगता येतील.

आपला,
एक वाचक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा